विहीर मे महिन्यात मोजावी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत स्थानिक तरुणांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘इथल्या पोरांना कामच नको.’ त्याला कोणी जोड देतो, ‘सरकारने योजनांचा पाऊस पाडलाय, आता संस्थांना आणखी पैसे कशाला?’ तिसरा आवाज जरा खाली आणून विचारतो, ‘आणि संस्थेला दिलेला पैसा पोरांपर्यंत पोचतो का?’ शाळा सुटलेल्या आणि कामालाही न लागलेल्या तरुणांसाठी झटणाऱ्या संस्थांना अनुदान द्यावे की नाही, हा सारा वाद या तीन वाक्यांभोवती फिरतो. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे हात आखडता घेणे, मला साफ चुकीचा वाटतो. अनुदान दिलेच पाहिजे, फक्त आज देतात त्या रीतीने देऊ नये, हे माझे म्हणणे आहे.

आळसाच्या आरोपापासून सुरुवात करू. जालना हा बियाण्यांचा आणि पोलादाचा जिल्हा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथल्या रोलिंग मिलमधली सळई दूरदूरच्या इमारतींत जाते. तरीही दसरा सरला की याच जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात आणि कडाक्याच्या थंडीत, अंधारातच फडात उतरतात. त्यांच्या मागे राहणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आखली, तेव्हा बीड आणि अहमदनगरबरोबर जालन्याचेही नाव घ्यावे लागले. इतरांचे काय? पहाटे कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर जा, पोलीस भरतीसाठी धावणारी मुले दिसतील. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या आणि भरतीसाठी वर्षानुवर्षे धावणाऱ्या पिढीला कामचुकार म्हणणे हा अन्याय आहे.

मिलमधल्या भट्टीजवळचे काम मात्र स्थानिक मुले टाळतात, हे खरे आहे. ती जागा परप्रांतातले मजूर भरून काढतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्यातल्या पोलाद उद्योगात कामाला होते आणि टाळेबंदीत मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले होते. ठेकेदारामार्फतची नोकरी, अंगावर येणारी आग, अपघाताची भीती आणि दहा वर्षांनंतरही त्याच पायरीवर उभे राहण्याची खात्री, हे सगळे गावातला मुलगा डोळ्यांनी पाहतो. तो नकार देतो त्या कामाला पुढची पायरी नसते. पायरी दाखवा, मग त्याची परीक्षा घ्या.

दुसरा आक्षेप योजनांच्या रेलचेलीचा. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, वय १८ ते ३५. योजना चांगली आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण किमान अट बारावीची आहे. नववीत शाळा सुटलेला, दहावीत गणितात अडकलेला, आईवडिलांबरोबर फडावर गेल्याने मधली दोन वर्षे गमावलेला मुलगा या दारातून आत येऊच शकत नाही. जो सर्वांत जास्त तुटला, तोच पात्रतेच्या रकान्यात बसत नाही. जे आत आले त्यांची मुदतही आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिन्यांची झाली, आणि ती संपल्यावर प्रशिक्षणार्थी ‘आता पुढे काय?’ म्हणत रस्त्यावर आले.

मुलींची गोष्ट याहून कठीण. मुलगा निदान पारावर दिसतो, मुलगी दिसतही नाही. राज्यात अठरा वर्षांआधी लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे २२ टक्के होते आणि जालन्याचे त्याहून बरेच जास्त. अशा मुलीच्या उंबरठ्यावर कोणतीही वेबसाइट जात नाही. तिथे माणूसच जावा लागतो, आणि तो एकदा जाऊन भागत नाही. योजना दार उघडते, दारापर्यंत आणून सोडण्याचे काम संस्था करते. म्हणूनच एकीमुळे दुसरी अनावश्यक ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो अनुभवातून आला आहे. हजेरीपटावर नावे, भिंतीवर फलक, प्रमाणपत्र वाटपाचे फोटो आणि महिन्याभरात कुलूप, अशी केंद्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ज्यांनी हे केले त्यांचे समर्थन मी करणार नाही. मात्र हा रोग कशाने पोसला, तेही पाहू. देणारा विचारतो, ‘किती जणांना प्रशिक्षण दिले?’ मग संस्था तेवढी नावे गोळा करते. देणारा म्हणतो, ‘पगारावर खर्च नको, शिलाई यंत्रे आणि संगणक घ्या.’ मग यंत्रे येतात आणि शिकवणारी बाई निघून जाते. देणारा मार्च ते मार्च विचार करतो, म्हणून एप्रिलमध्ये पोरांचा हात सुटतो.

यासाठी कायद्याकडे बोट दाखवले जाते, पण कायदा असे सांगत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ कक्षेत येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावते. त्याच कलमात आपण जिथे उद्योग करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. २०२१ च्या नियमांनी प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाला. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्प राबवण्याचा खर्च आहे. शिवाय चालू प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे मुभा आहे. म्हणजे कायदा चार वर्षे देतो आणि आपण एका वर्षात हिशेब मिटवतो.

‘हे सगळे कागदावर ठीक’ असे कोणी म्हणेल. त्याला मी जालना तालुक्यातल्या कडवंचीला घेऊन जाईन. १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, नाबार्डच्या मदतीने, विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने काम केले. तेही अनुदानच होते आणि तेही एका संस्थेच्याच हाती होते. पण त्याची घडण निराळी होती. गावाने आधी श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, लहान क्षेत्रावर काम करून दाखवायचे, मग मोठा निधी. माथ्यावरचे चर आधी, पायथ्याचे बांध नंतर. कामाची मुदत वर्षाची नव्हती, अनेक वर्षांची होती, आणि त्या काळात संस्थेची माणसे गावात टिकून होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत सरपण झाल्या, तेव्हा कडवंचीची द्राक्षे उभी राहिली.

कडवंचीचा धडा पाण्यापुरता नाही. आपल्याकडे विहीर गणपतीत कोणी मोजत नाही, तेव्हा ती सगळ्यांचीच भरलेली असते. विहिरीचा कस मे महिन्यात लागतो. प्रशिक्षणाच्या समारोपाला टाळ्या वाजतात तो तरुणाचा गणपतीतला दिवस असतो. पहिला पगार अडकतो, खोलीचे भाडे थकते, बाप आजारी पडतो, मुकादम नवी उचल घेऊन दारात येतो, तो त्याचा मे महिना. तेव्हा तो कामावर टिकून आहे का, एवढेच अनुदान देणाऱ्याने विचारावे.

हा प्रश्न विचारला की अनुदानाचे रूप आपोआप बदलते. मग पैसा यंत्रांआधी माणसावर खर्च होतो. ठरावीक गावांची जबाबदारी घेणारी एक कार्यकर्ती हवी. आधारवरचे चुकलेले नाव दुरुस्त करणे, दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरणे, जातीचा दाखला आणि बँकेचे खाते काढून देणे, मिलच्या ठेकेदाराशी सुरक्षेबद्दल बोलणे, लेकीला शहरात पाठवायला घाबरणाऱ्या आईपाशी संध्याकाळभर बसणे, ही तिची कामे. एकही काम फोटोत येत नाही. त्यांच्याशिवाय मात्र एकही पोर टिकत नाही. मग मुदत तीन-चार वर्षांची होते. आणि हिशेब देणगीदाराच्या कार्यालयाइतकाच ग्रामसभेतही वाचला जातो, कारण हजेरीपटावरचे खोटे नाव गाव लगेच ओळखते. चोरीचा धाक ज्यांना वाटतो त्यांच्यासाठी याहून पक्का पहारा मला माहीत नाही.

पैसा कोणी द्यावा, हेही स्पष्ट बोलायला हवे. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, जालना त्यांत नाही. दिल्लीची नजर वळेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. ज्यांची बियाणी इथल्या शेतकऱ्यांनी पिकवली, ज्यांच्या सळया इथल्या मातीवर तयार झाल्या, त्यांनी पहिला हात पुढे करावा. अंबड तालुक्यातली अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही गावे २०२३ आणि २०२४ मध्ये मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या उपोषणांमुळे साऱ्या राज्याला ठाऊक झाली. दोन मांडवांतल्या मागण्या एकमेकींविरुद्ध होत्या, पण दोन्हीकडे बसलेल्या तरुणांच्या पोटातली भीती एकच होती : शेतीत भागत नाही आणि नोकरी लागत नाही. आरक्षणाचा न्याय जिथे व्हायचा तिथे होईल. ही भीती कमी करण्याचे काम मात्र आपल्या हातातले आहे.

तेव्हा अनुदान थांबवू नका. यंदा एखाद्या संस्थेला धनादेश देणार असाल, तर समारोपाच्या हारतुऱ्याला गेला नाहीत तरी चालेल. पुढच्या मे महिन्यात जा. त्या पोरांची नावे घेऊन गावात विचारा, कोण कुठे आहे. उत्तर मिळाले तर पुढच्या वर्षीचा धनादेश तिथेच लिहा.