बिदरी गुलदानाचा भाव काट्यावर ठरू नये

गेल्या पावसाळ्यात नांदेडला एका परिचिताच्या भंगार दुकानात बसलो होतो. एक बाई पिशवी घेऊन आल्या. घर पाडून नवे बांधायचे होते, माळ्यावरचे सामान काढले होते. पिशवीत पितळेचे दोन तांबे, एक मोडका स्टोव्ह आणि वीतभर उंचीचा एक काळपट गुलदान होता. दुकानदाराने पितळ वेगळे तोलले. गुलदान हातात घेऊन तो म्हणाला, "हे जस्त आहे, याचे फारसे काही येणार नाही." बाईंनी मान हलवली. गुलदानाच्या पोटावर चांदीच्या तारेची वेल होती. धुळीमुळे ती दोघांनाही दिसली नाही, किंवा एकाला दिसली असेल आणि तो बोलला नसेल. मी बोटाने धूळ पुसली तेव्हा वेल चमकली आणि सौदा थांबला.

तो नग बिदरी कामाचा होता. असे नग मराठवाड्यातील जुन्या घरांतून रोज थोडे थोडे बाहेर पडत आहेत. कोणी ते किलोवर देतो, कोणी फेरीवाल्याला स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात देतो. त्यांतील काही पुढे हैदराबादला किंवा मुंबईच्या मटन स्ट्रीटवरील दुकानांत पोहोचतात आणि तेथे त्यांचा भाव वजनावर नव्हे, कामावर ठरतो. मधला सगळा फरक ज्याला ओळख आहे त्याच्या खिशात जातो. ज्याच्या आजीने ती वस्तू जपली त्याला काही मिळत नाही, आणि ज्या कारागिराने ती घडवली त्याचे तर नावही कोणाला ठाऊक नसते. हा व्यापार आपल्या दारातला आहे. तो नीट शिकून, सचोटीने करण्याची वेळ आली आहे, असे माझे मत आहे.

हा माल आपल्याकडे आला कसा?

उदगीरहून बीदर सत्तरेक किलोमीटरवर आहे. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १९४८ पर्यंत तर नांदेड, बीदर, औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद हे सगळेच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. लग्नात पानदान, उगालदान, सुराही किंवा गुलदान बिदरी कामाचे देणे ही ऐपतदार घरांची रीत होती. त्यामुळे कंधार, देगलूर, उदगीर, औसा येथील जुन्या वाड्यांतून आणि घरांतून अशा वस्तू निघतात, यात नवल नाही.

या कामाची मूळ धातू जस्त आहे. त्यात थोडे तांबे मिसळतात. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे, असे प्रमाण सांगितले जाते. मातीच्या साच्यात ओतीव नग तयार होतो. तो कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरता काळा करतात, म्हणजे त्यावर नक्षीची रेघ दिसते. मग पोलादी कलमाने रेघ खोदून त्यात चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने बसवतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप गरम नगावर लावतात. त्याने जस्त कायमचे काळे होते आणि चांदी तशीच पांढरी राहते. काळ्यावर पांढरे, हीच या कामाची सगळी शोभा.

संग्रहालयांत असलेले सर्वांत जुने नग साधारण सतराव्या शतकातले आहेत. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय १९५१ साली सुरू झाले, तेथे बिदरी कामाचा मोठा साठा आहे. लंडनला १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात बिदरी नग गेले होते आणि तेथील संग्रहालयासाठी ते विकत घेतले गेले. बिदरी कामाला २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या हुनराचा असा मान होतो त्याचा जुना नग आपण जस्ताच्या भावाने देतो, ही गोष्ट व्यापारी म्हणून आपल्याला शोभणारी नाही.

ओळख कशी करावी?

पहिली गोष्ट म्हणजे वजन. बिदरी नग आकाराच्या मानाने जड असतो. ॲल्युमिनियमवर काळा रंग मारलेली नक्कल हातात घेताच हलकी लागते. दुसरी, रंग. अस्सल काळेपणा हा धातूतच मुरलेला असतो. नखांचा रंग काढण्याचे द्रव कापसावर घेऊन बुडाच्या बाजूला जरासे पुसावे. काळे उतरले तर तो रंग आहे. तिसरी, चांदीची कड. भिंगातून पाहिल्यावर खोदलेल्या खोबणीत तार बसलेली दिसते. नुसता मुलामा किंवा पांढरी शाई असेल तर खोबण नसते.

आणखी एक. आपण ज्याला गुलदान म्हणतो तो पुष्कळदा हुक्क्याचा खालचा भाग निघतो. हुक्का गेला, नळी गेली, आणि घरच्यांनी त्यात कागदी फुले ठेवली. गोल पोटाचा घाट साधारण आधीचा आणि घंटेसारखा घाट नंतरचा मानतात. ही ओळख असलेला दुकानदार गिऱ्हाइकाला खरी माहिती देऊ शकतो, आणि खरी माहिती असलेल्या नगाला अधिक भाव येतो.

वस्तू हाती आली की ती चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. पितळ उजळवण्याच्या हौसेने कित्येक घरांत बिदरी नगाचा काळा रंग घालवला गेला आहे. कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि थोडे तेल लावावे. आत पाणी घालून ताजी फुले ठेवू नयेत. ओलीने जस्त खराब होते. ही धातू ठिसूळ आहे, पडली तर तडकते.

जुन्या चित्रांचेही असेच आहे. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून काढलेली छापचित्रे जुन्या वकिलांच्या आणि जहागीरदारांच्या दिवाणखान्यात टांगलेली असत. आपल्या वेरूळच्या लेण्यांची जेम्स वेल्स याने काढलेली चित्रे थॉमस डॅनियल याने पत्र्यावर उतरवली आणि ती १८०३ साली लंडनला छापली गेली. अशा चित्राच्या कडेला पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट उमटलेली असते. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर ती यंत्रावर छापलेली अलीकडची नक्कल समजावी. चौकट मोडून काच विकण्याआधी एवढे तरी पाहावे.

कायदा समजून घ्या

या धंद्यात उतरणाऱ्याने १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तू कायदा समजून घेतलाच पाहिजे. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू या कायद्याने पुरावशेष ठरते. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. पुरावशेष घरात बाळगणे गुन्हा नाही, पण काही ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. तसे केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल आणि बाहेर पाठवायची असेल तर ती पुरावशेष नाही, असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो.

येथे एक बारकी गोष्ट आहे. शंभर वर्षांची ही रेघ दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते. १९२४ साली घडलेली सुराही काल-परवापर्यंत कायद्याच्या बाहेर होती, आता ती आत आली. आजोबांच्या लग्नातले सामान एकेक करून या रेघेच्या आत येत आहे. "आमच्या घरचेच तर आहे" एवढे म्हणून सुटका होणार नाही. वस्तू कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती वजनाची घेतली, याची वही ठेवावी. फोटो काढावा. दर्गा, मशीद किंवा मंदिर येथून आलेली वस्तू कोणी दाखवली तर तिला हातही लावू नये.

नवे ते जुने म्हणून विकू नका

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या बाजारात दोन खोटी आहेत आणि दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत.

पहिली खोट विकत घेताना होते. विकणाऱ्याला माल कळत नाही, घेणाऱ्याला कळतो आणि तो गप्प बसतो. काही व्यापारी म्हणतात, "मी वीस वर्षे घालवून नजर कमावली, तिचा मोबदला घेऊ नये का?" जरूर घ्यावा. नजरेला किंमत आहे. पण नजरेची मजुरी घेणे वेगळे आणि समोरच्याच्या अज्ञानातून सगळा माल उचलणे वेगळे. यावर आपल्याच बाजारात तोडगा आहे. लातूर आणि नांदेडच्या मोंढ्यात शेतकऱ्याची तूर किंवा सोयाबीन अडत्याकडे येते. माल शेतकऱ्याचाच राहतो, अडत्या तो विकून देतो आणि आपली अडत घेतो. जुन्या वस्तूंचा व्यवहारही असाच का होऊ नये? बाईंचा गुलदान दुकानदाराने पावती करून ठेवून घ्यावा, गरज असेल तर थोडी उचल द्यावी, योग्य गिऱ्हाईक मिळाले की विकावा आणि ठरलेली अडत कापून उरलेले पैसे त्यांच्या हाती द्यावेत. यात दुकानदाराचे भांडवल अडकत नाही आणि गावात त्याचे नाव होते. ज्या दुकानाचे असे नाव झाले तेथे लोक माळ्यावरचे सामान आपणहून घेऊन येतील. अर्थात शंभर वर्षांवरील मालाला येथेही परवाना लागेल.

दुसरी खोट विकताना होते. नवा नग मातीत पुरून, धुरावर धरून जुना बनवतात आणि निजामाच्या काळातला म्हणून खपवतात. "गिऱ्हाइकालाच जुने हवे असते, आम्ही नाही दिले तर दुसरा देईल," असे सांगितले जाते. मालाचा ऐब दाखवून विकावा ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळाली आहे, त्यावर वेगळे लिहायला नको. पण व्यापाराच्या दृष्टीनेही हे नुकसानीचे आहे. एक नग खोटा निघाला की पुढच्या दहा खऱ्या नगांवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. आणि सर्वांत मोठे नुकसान कारागिराचे होते. ज्याने आज दहा-पंधरा दिवस डोळे ताणून तार बसवली, त्याचे काम आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणा अनामिकाच्या नावावर चढवतो. पैसे दलालाला, श्रेय मेलेल्याला आणि जिवंत कारागिराला फक्त मजुरी. मग त्याचा मुलगा हा हुनर कशाला शिकेल?

म्हणून कारागीर बंधूंना माझे सांगणे आहे की प्रत्येक नगाच्या बुडाशी आपले नाव, गाव आणि साल कोरा. आज त्याचा भाव मिळणार नाही, पण पन्नास वर्षांनी तोच नग हुडकला जाईल. व्यापाऱ्यांनी पावतीवर स्पष्ट लिहावे: नवा, पन्नास वर्षांच्या आसपासचा, किंवा शंभर वर्षांवरील. वय ठरत नसेल तर "वय अनिश्चित" असे लिहावे. यात कमीपणा काही नाही.

संग्रह हा श्रीमंतांचाच छंद नाही

शेवटी घरधन्यांसाठी चार शब्द. संग्रह म्हटला की सालारजंगांसारखे नवाब डोळ्यांपुढे येतात. पण पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, स्वयंपाकघरातली भांडी अशा साध्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतून मोठे संग्रहालय उभे राहिले. आपल्या मराठवाड्यात तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जपल्या. आज तेथील शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. आपल्या घरी जे आहे ते विकायचे की ठेवायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. गरज पडली तर विकावे, त्यात लाज नाही. मात्र काय विकतो आहोत हे आधी कळलेले असावे.

त्या बाईंनी गुलदान विकला नाही. घरी जाऊन सासूबाईंना विचारले तेव्हा कळले की तो त्यांच्या लग्नात बीदरहून आला होता. आता तो नव्या घराच्या कपाटात आहे. भंगारवाला मित्र मात्र माझ्यावर थोडा रागावला होता. परवा भेटला तेव्हा त्याने विचारले, "भिंग कोठे मिळते?" मला वाटते, सुरुवात झाली आहे.