गोडबोल्यांना रंग कुणी फासला?

इंग्रजी साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध मराठी माणूस कोण, असं कुणी विचारलं तर माझं मत प्रा. नारायण गोडबोले यांना. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीतले हे दख्खनी ब्राह्मण गंगेकाठच्या चंद्रपोर नावाच्या काल्पनिक गावात सरकारी कॉलेजात शिकवतात. चहाला बोलावलं तर येतात, पण इतरांपासून जरा अंतर राखून, वेगळ्या टेबलावर खातात. गाणं म्हणा म्हटलं तर मंडळी निघायला लागल्यावर म्हणतात. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. असे एक-दोन काका प्रत्येक मराठी घराण्यात निघतील.

१९८४ साली डेव्हिड लीन यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात डॉ. अझीझ झाले व्हिक्टर बॅनर्जी, हमीदुल्ला झाले सईद जाफरी, बॅरिस्टर अमृतराव झाले रोशन सेठ. आणि गोडबोले? सर ॲलेक गिनेस. लंडनचे, तेव्हा सत्तरीला टेकलेले, आजच्या मुलांना ‘स्टार वॉर्स’मधले ओबी-वान म्हणून माहीत असलेले. गिनेस थोर नट होते, यात वाद नाही. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’पासून त्यांची आणि लीन यांची जोडी होती; ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त ते अरब राजपुत्र फैझलही होऊन आले होते. अरब जमला, मग ब्राह्मण का नाही, असा हिशेब झाला असावा. चेहऱ्यावर तपकिरी रंग चढला, डोक्यावर पागोटं चढलं आणि गोडबोले तयार झाले.

गंमत अशी की मूळ कादंबरीत गोडबोल्यांचा वर्ण एखाद्या युरोपियनाइतका गोरा आहे आणि डोळे करडे-निळे आहेत. फॉर्स्टर यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. कोकणस्थी घारे डोळे त्या इंग्रज लेखकाने नेमके टिपले होते. म्हणजे गिनेस यांनी सकाळी उठून तोंड धुऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हटलं असतं, तरी पुस्तकातल्या गोडबोल्यांच्या रंगाशी त्यांचा रंग जुळला असता! ज्याला रंगाची गरज नव्हती त्यालाच रंग फासला गेला. कारण तो रंग गोडबोल्यांसाठी नव्हताच. तिकीट काढून बसलेल्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला हिंदुस्थानी माणूस जसा दिसायला हवा होता, तसा तो दिसावा यासाठी होता.

त्याहून मला खुपतं ते वेगळंच. फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. देवासचे पवार मराठे. तिथे त्यांनी गोकुळाष्टमीचा उत्सव डोळ्यांनी पाहिला आणि तो कादंबरीच्या तिसऱ्या भागात उतरवला. तिथे गोडबोले टाळ घेऊन गाणाऱ्यांच्या मेळ्यात उभे आहेत आणि तुकारामाच्या नावाचा घोष चाललाय. इंग्रजीतल्या एका अव्वल कादंबरीच्या कळसाध्यायात आपले तुकोबा आहेत, हे आपल्यालाही फारसं ठाऊक नसतं. लीन यांनी मात्र शेवटचा भाग काश्मीरच्या डोंगरदऱ्यांत नेला. मराठी संस्थान गेलं, तुकोबा गेले आणि रंग तेवढा उरला.

दुसरा नट मिळत नव्हता का? दोनच वर्षं आधी, १९८२ मध्ये, रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ जगभर झळकला होता. त्यात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. खरेखुरे इतिहासातले गोखले, इंग्रजी संवाद, इंग्रज दिग्दर्शक. म्हणजे गोडबोल्यांची ऑडिशन जवळजवळ पडद्यावरच झालेली होती. लागूंनी गोडबोल्यांच्या त्या गूढ मौनाचं काय केलं असतं, याची कल्पना करत मी पुष्कळ वेळ घालवलाय.

इथवर लिहिलेलं मी माझ्या भाचीला वाचून दाखवलं. ती कॉलेजच्या एकांकिका करते, त्यामुळे रंगभूमीवर शेवटचा शब्द तिचाच असतो. म्हणाली, “मावशी, नटाने अभिनय करायचा की आधार कार्ड दाखवायचं? उद्या म्हणशील, गोडबोल्यांची भूमिका गोडबोल्यांनीच करावी.”

तिचं खोडून काढणं अवघड आहे. दुसरा होणं हाच तर नटाचा धंदा. ज्या रंगभूमीने नारायण राजहंसांना बालगंधर्व केलं, त्यांच्या शालूची आणि नथीची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली, त्या रंगभूमीच्या वारसांनी ‘ज्याचं त्यानेच करावं’ असा नियम सांगणं शोभत नाही. त्याच ‘गांधी’त कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी. पुण्याच्या मराठी मुलीने काठेवाडी बा उभी केली, वयाच्या तिशीत म्हातारपणही उभं केलं आणि ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. गुजराती प्रेक्षकाला त्यात काही उसनं वाटलं नाही. अलीकडे पंजाबी घरातल्या विकी कौशलला ‘छावा’त संभाजी महाराज म्हणून मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतलं.

आणि खुद्द गांधी? बेन किंग्जली यांचं जन्मनाव कृष्णा भानजी. वडील गुजराती वंशाचे, आई इंग्रज. भानजी या नावाने इंग्लंडच्या नाट्यसृष्टीत डाळ शिजेना, म्हणून त्यांनी नाव बदललं आणि बदलताच कामं येऊ लागली, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. नाव इंग्रज केलं तेव्हा नट म्हणून उभं राहता आलं आणि नट म्हणून उभं राहिल्यावर ऑस्कर मिळालं ते हिंदुस्थानी माणसाच्या भूमिकेसाठी. यात दोष किंग्जलींचा नाही. दोष त्या दाराचा, जे भानजीला बंद होतं आणि किंग्जलीला उघडं.

माझं म्हणणं आहे ते या दाराबद्दल. गिनेसनी गोडबोले करावा, पण मग लागूंना डिकन्सचा एखादा म्हातारा इंग्रज करायला मिळायला हवा. तसं १९८४ साली कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अलीकडे कुठे आर्मांडो इयानुची यांनी देव पटेलला डेव्हिड कॉपरफील्ड केलं. लंडनमध्ये वाढलेला गुजराती घरातला मुलगा डिकन्सचा नायक झाला, कुणी त्याला पांढरा रंग फासला नाही आणि दहा मिनिटांत प्रेक्षक ते विसरूनही गेला.

पण बोट फक्त इंग्रजांकडे दाखवून भागत नाही. आपलीही वही उघडू या. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच देह ठेवला. चित्रपटात कोटणीस झाले स्वतः शांताराम आणि चिंगलान झाल्या जयश्री. चिनी सेनापतीच्या वेशात होते आपले कोल्हापूरचे बाबूराव पेंढारकर. खऱ्या चिंगलान तेव्हा हयात होत्या, चीनमध्ये लहान मुलाला वाढवत होत्या. आज तो चित्रपट पाहताना जयश्रीबाईंच्या डोळ्यांची रंगभूषा पाहून हसू येतं. तरीही मी त्याला गिनेसच्या पंक्तीला बसवणार नाही. शांतारामबापूंनी चिनी स्त्री नायिका म्हणून आणली. ती प्रेम करते, काम करते, दुःख सोसते. रंगाच्या आत माणूस होता.

पुढे तोही गेला. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये मदन पुरी चिनी खलनायक झाले आणि रंगूनमध्ये जन्मलेल्या हेलनने चिनी नर्तकीचं ते प्रसिद्ध गाणं केलं. गाणं अप्रतिम, हेलन त्याहून. पण कलकत्त्यात हजारो चिनी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, चामड्याचे कारखाने चालवत होती. त्यांतलं कुणी पडद्यावर आलं नाही. आली ती फक्त चिनी म्हणजे तस्कर ही समजूत. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. सिनेमामुळे हे घडलं, असं मी म्हणत नाही. पण ज्यांना आपण पडद्यावर कधी शेजारी म्हणून पाहिलं नाही, त्यांना रातोरात उचलून नेलं तरी फार हळहळ होत नाही.

निर्मात्यांकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं: बाजार. हॉलिवूडने पर्ल बक यांच्या कादंबरीवरचा ‘द गुड अर्थ’ १९३७ साली काढला तेव्हा हेच घडलं. चिनी शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी एमजीएमने पॉल म्युनी या गोऱ्या नटाला घेतलं. पडद्यावर दोन वंशांची जोडपी दाखवायची नाहीत, असा त्या काळचा दंडक. नायक गोरा म्हटल्यावर नायिकाही गोरी हवी. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, तोवर नावारूपाला आलेली चिनी वंशाची ॲना मे वाँग त्यातूनच बाद झाली. तिच्यापुढे आला खलप्रवृत्तीच्या दुसऱ्या बायकोचा तुकडा. तो तिने नाकारला. नायिका झाली जर्मनीत जन्मलेली लुईझ रायनर, तिला ऑस्कर मिळालं. अमेरिकेने २०२२ मध्ये ॲना मे वाँगचा चेहरा नाण्यावर छापला. मेल्यावर सन्मान करायला बाजार आड येत नाही.

२०१४ चा ‘मेरी कोम’ याच वळणाने गेला. मणिपूरच्या कोम जमातीतली, ऑलिंपिक पदक जिंकलेली मुष्टियोद्धा. आणि भूमिका प्रियांका चोप्राची. मेहनत तिने केलीच. पण ईशान्येकडची नायिका हिंदी सिनेमाला सापडली होती आणि तिथल्या एखाद्या अभिनेत्रीसाठी अशी संधी पुन्हा कधी येणार होती? बंडखोरांच्या बंदीमुळे मणिपूरच्या चित्रपटगृहांत २००० सालापासून हिंदी चित्रपट लागत नव्हते, म्हणजे जिची गोष्ट तिच्या माणसांना तो मोठ्या पडद्यावर दिसलाही नाही. ती भूमिका ईशान्येकडच्या कुणाला मिळायला हवी होती, हे पुढे प्रियांकानेच बोलून दाखवलं. प्रामाणिकपणा मोठा, पण तोवर सिनेमा लागून गेला होता आणि पैसे वसूल झाले होते.

‘प्रेक्षक स्वीकारणार नाहीत’ या वाक्याला खोटं पाडणारा पुरावा पुण्यातच घडला. प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात, म्हणजे शांतारामबापूंच्याच कर्मभूमीत, फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथून बाहेर पडलेल्या टॉम ऑल्टर यांचं उर्दू ऐकावं आणि आपल्या उच्चारांची लाज वाटावी. मसुरीत जन्मलेला हा माणूस हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं गोऱ्या साहेबाच्या टोपीत कोंबला. रंगभूमीने त्यांना मौलाना आझाद केलं. एकपात्री प्रयोगात तो गोरा अमेरिकी वंशाचा नट मौलाना म्हणून बोलायला लागला की प्रेक्षक टाळ्या वाजवत. पासपोर्ट कुणी मागितला नाही.

आणि त्याच इन्स्टिट्यूटचे डॅनी डेन्झोंग्पा. सिक्कीमच्या या मुलाला बी. आर. चोप्रा यांनी १९७३ च्या ‘धुंद’मध्ये भूमिका दिली ती चिनी तस्कराची नव्हे, ठाकूर रणजित सिंगची. झीनत अमानचा नवरा, चाकाच्या खुर्चीला खिळलेला, संतापी, क्रूर ठाकूर. तेव्हा सिक्कीम भारतात विलीनही झालेलं नव्हतं. ते झालं १९७५ साली. कथेत कुठेही खुलासा नाही की या ठाकुराचा चेहरा असा का. प्रेक्षकांनीही मागितला नाही. डॅनींचं नाव झालं ते तिथून.

म्हणून आपल्या मालिकावाल्यांकडे माझी एक मागणी आहे. ईशान्येकडून शिकायला आलेली कितीतरी मुलं-मुली आज पुण्या-मुंबईत आहेत, काहींचं मराठी आपल्या नायिकांपेक्षा शुद्ध आहे. त्यांतली एखादी ऑडिशनला आली तर तिला मोमोवाली, पार्लरवाली किंवा ‘परकी मैत्रीण’ देऊ नका. कुलकर्ण्यांची धाकटी सून द्या. कटकारस्थानं करणारी, मंगळागौरीला भांडणारी, पाचशे भाग चालणारी. ती कुलकर्ण्यांकडे कशी आली याचा एकही भाग दाखवू नका. प्रेक्षकांची काळजी तर अजिबात करू नका. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी याहून मोठी उडी बिनबोभाट मारली आहे.