डिप्लोमा झाला, आता पुढं?

आमच्या बीड जिल्ह्यात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं बालविवाहावर जातं, आणि ते साहजिक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पण ज्या मुली त्यातून निसटतात, दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाऊन तीन वर्षांचा डिप्लोमा करतात, त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. ‘ही सुटली’ म्हणतो आणि पुढच्या घराकडे वळतो.

हिशेब करून पाहा. सोळाव्या वर्षी दहावी, एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा. बालविवाहाचा कायदा अठरालाच मागं राहिलेला. शेवटची परीक्षा उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत. ऊसतोडीला गेलेले आईबाप तोवर गावी परतलेले. भावकी म्हणते, “पोरगी इंजिनिअर झाली की, आता काय राहिलं?” डिप्लोमा आणि डिग्री यातला फरक स्थळ आणणाऱ्याला ठाऊक नसतो, ठाऊक असला तरी अडचणीचा वाटतो. मुलाकडच्यांना शिकलेली सून हवी असते, फार शिकलेली नको.

खरं तर पुढची वाट मोकळी आहे. डिप्लोमा झालेल्यांना अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. त्यात ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांना पूर्ण माफ झालं. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतूनच हवा. खासगी कॉलेजांची माणसं गावात येऊन ‘प्रवेश पक्का’ म्हणत मूळ कागद घेऊन जातात. संस्थेच्या पातळीवर प्रवेश झाला की माफी गेली. हे बापाला कोण सांगणार?

गेल्या वर्षी केजकडच्या एका मुलीचं नाव यादीत लागलं तेव्हा ती सासरी होती. अर्ज भावानं भरला होता. सासू म्हणाली, “पुढच्या वर्षी बघू.” त्या घरात कुणी वाईट नव्हतं, एवढंच सांगते.

म्हणून माझं म्हणणं असं की हे काम निकालानंतर हाती घेऊन उपयोग नाही. जातपडताळणीला वडिलांकडच्या मागच्या पिढ्यांचे पुरावे लागतात, आणि हिवाळ्यात ते काढायला घरी म्हातारी आजी तेवढी असते. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, टोळ्या कारखान्यावर निघायच्या आत, तंत्रनिकेतनात आईबापांची बैठक लावायला हवी. मुकादमाची उचल घेण्याआधी बापानं निदान एकदा ‘थेट दुसरं वर्ष’ हे शब्द ऐकलेले असावेत. आपल्या गटांना हे जमण्यासारखं आहे. यासाठी मोर्चा लागत नाही, प्राचार्यांना एक पत्र आणि दोन कार्यकर्त्या पुरतात.

अशा बैठकांत बाप लग्नाचं शेवटी काढतात. आधी विचारतात, “राहायचं कुठं?” फी माफ झाली, पण खोलीचं भाडं, मेस, येण्याजाण्याची एसटी माफ नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, ती चांगलीच गोष्ट. पण ती तालुक्याच्या ठिकाणची. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी मुलगी छत्रपती संभाजीनगरला गेली की तिच्या वाट्याला चौघींत मिळून घेतलेली भाड्याची खोली येते, आणि घरमालकाच्या नजरेचा प्रश्न आई माझ्या कानात विचारते. पदवीच्या शहरात, कॉलेजच्या जवळ, ऊसतोड्यांच्या मुलींसाठी राखीव जागा ही आपली पुढची मागणी असली पाहिजे, आणि ती प्रवेशाच्या आधी, जूनच्या आत मांडायला हवी.