फुकटच्या जागेत धंद्याची तिजोरी?

तुमच्या ग्राहकांची यादी गूगल शीट्समध्ये, बिलं ड्राइव्हमध्ये, मालाचे फोटो गूगल फोटोजमध्ये. सगळं एकाच कंपनीकडे, तेही फुकट! वापरा, माझी ना नाही. पण फोटोजचं अमर्याद मोफत स्टोरेज १ जून २०२१ ला संपलं. बिझनेस प्रोफाइलवरच्या मोफत वेबसाइट्स मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. दुकान भाड्याने घेताना आपण करार नीट वाचतो. इथे मात्र न वाचताच ‘मान्य आहे’ दाबतो. म्हणून गूगल टेकआउटने आजच सगळा डेटा उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा. दर महिन्याला हेच करा. ग्राहकांचे नंबर वहीतही लिहा. जागा त्यांची असेल, गिऱ्हाईक मात्र तुमचं आहे. ते हातचं जाऊ देऊ नका!