न्हाणीघराची दुरुस्ती : आधी माणूस, मग टाइल्स

दिवाळीच्या सुमारास घरोघरी दुरुस्तीची कामे निघतात. न्हाणीघर जेमतेम चार बाय सहाचे, पण कामाची सुरुवात होते ती दुकानात टाइल्सचा रंग पसंत करण्यापासून. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. खुब्याचे हाड मोडून येणाऱ्या वृद्धांत न्हाणीघरात घसरलेले पुष्कळ असतात. मग ऑपरेशन, अंथरुणावर पडून राहणे, त्यातून न्यूमोनिया आणि पाठीला जखमा. त्यापुढे टाइल्सची शोभा ती काय?

म्हणून पहिले काम कागद-पेन्सिलीचे. घरात वयस्कर कोण, गुडघे कोणाचे दुखतात, हे पाहून कमोडची उंची, दिव्याचे बटण आणि आधाराच्या दांड्यांच्या जागा तोडफोडीआधीच ठरवा. भिंत कच्ची असेल तर टाइल्स बसण्यापूर्वीच ती दांडीसाठी भक्कम करावी लागते. टॉवेलची दांडी आधाराला चालत नाही, ती माणसासकट खाली येते. दार बाहेर उघडणारे हवे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगामुळे अडते.

मग तोडफोड, आणि लगेच नळाचे व विजेचे काम. पाइप बुजवण्याआधी पाण्याचा दाब देऊन गळती तपासा. विजेच्या गीझरला अर्थिंग हवेच, शिवाय वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकरही हवा. गॅस गीझर न्हाणीघरात नकोच, तो बाहेर मोकळ्या हवेत बसवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंद न्हाणीघरात तो जीव घेतो.

त्यानंतर वॉटरप्रूफिंग. जाळीचे तोंड बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवा. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल दिसली तर काम तिथेच थांबवा. मिस्त्री घाई करील, आपण करू नये. भिंतीत मुरलेल्या ओलीवर बुरशी धरते आणि घरातल्या दमेकऱ्याचा त्रास वाढतो.

टाइल्सचा क्रम यानंतर. जाळीकडे ढाळ मीटरला साधारण सव्वा सेंटीमीटर ठेवून घ्या, कारण साचलेले साबणाचे पाणीच माणसाला पाडते. नळ, दिवे, दांड्या आणि रंग सर्वांत शेवटी. या साऱ्या दिवसांत वृद्धांच्या आंघोळीची सोय दुसरीकडे करा. अर्धवट फरशीवर त्यांना पाठवू नका.

वाचकहो, या क्रमाने काम केल्यास खर्च फारसा वाढत नाही, पुन्हा फोडाफोड मात्र वाचते. रंग कोणताही घ्या, पण दुकानात टाइल ओली करून तिच्यावर तळहात घासून पाहा. हात सरकला तर पायही सरकणार, हे ध्यानात ठेवा.