जीर्णोद्धार की रंगरंगोटी?

मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक आहे. याच स्कॉट यांच्याकडे इंग्लंडमधील ट्यूक्सबरी येथील मध्ययुगीन मठाच्या चर्चचा जीर्णोद्धार सोपविला जाणार, असे कळताच कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस संतापून उठले. हे वर्ष १८७७. त्याच वर्षी त्यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी मंडळ स्थापन केले. ते आजही कार्यरत आहे. त्यांचे म्हणणे साधे होते. मोडले असेल तेवढे सांधा, वास्तूला नवी करू नका. जुन्या हातांची खूण एकदा खरवडली की ती परत येत नाही.

तेथील जुनी घरे चुन्यात बांधलेली आहेत. चुना मऊ असतो. भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यांवाटे बाहेर पडतो. सांध्यांत सिमेंट भरले की ती वाट बुजते. मग पाणी विटेतून निघू पाहते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. लाकडी सांगाड्याच्या घरांत तुळया आतल्या आत कुजतात. विसाव्या शतकात तेथेही ही चूक सर्रास झाली. आता तेच सिमेंट काढून पुन्हा चुना भरला जात आहे.

इंग्रज जात्याच वारसाप्रेमी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. लंडनच्या युस्टन स्थानकाची भव्य कमान विरोध डावलून १९६१-६२ मध्ये त्यांनीच पाडली. आज संरक्षित सूचीतील वास्तूचे स्वरूप विनापरवाना बदलणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे.

आणि आपण? गावच्या देवळासाठी वर्गणी जमली की पहिली खरेदी होते ती ऑइलपेंटची आणि चकचकीत फरशीची. काळ्या पाषाणातील शिल्पांवर रंगाची पुटे चढतात, सभामंडपाचे लाकडी खांब जाऊन सिमेंटचे येतात. वर्गणी देणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, राबणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो. म्हणून तर दोष कोणाला द्यावा, हे कळत नाही. चुन्याची घाणी, गूळ आणि बेलफळ घालून मुरविलेला चुना, ही विद्या काही आपल्याला परक्यांकडून शिकायची नाही. ती जाणणारे हात मात्र झपाट्याने कमी होत आहेत. देवस्थान समितीच्या पुढील बैठकीत कंत्राटदाराचे अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी, असा एखादा कारागीर जिल्ह्यात उरला आहे का, एवढी चौकशी तरी व्हावी.