घर कुणाच्या नावावर?

कामगारांसाठी वसवलेल्या उद्योगनगरीचा विषय निघाला की आपण नागपूरकरही जमशेदपूरचं नाव घेतो. रुंद रस्ते, झाडांची सावली, खेळाची मैदानं हे चित्र जमशेटजी टाटांनी १९०२ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात रंगवलं होतं. त्यामागच्या विचाराची कसोटी मात्र आधी नागपुरात लागली. १ जानेवारी १८७७ रोजी इथे त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली; भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. पुढे मिलने इंदोऱ्याला कामगारांची आदर्श वस्ती वसवायला घेतली. कामगाराला जागा आणि कर्ज द्यायचं, घर त्यानेच बांधायचं आणि हप्ते फेडायचे, अशी ती योजना होती. मिलच्या साऱ्या सोयींत मला हीच सर्वांत मोलाची वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की हा मालकाचा स्वार्थ होता. होताच. सुरुवातीला मजूर मिलमध्ये टिकत नव्हते, रोज कितीतरी गैरहजर असत. शिवाय मजुरीच्या दरावरून १८७७ मध्येच याच मिलमध्ये संप झाला, आणि पुढे रामभाऊ रुईकरांसारख्या कामगार नेत्यांना नागपूरच्या मिलमजुरांची संघटना बांधावी लागली. म्हणजे सोयी पगाराची जागा घेऊ शकत नाहीत. पण यंत्रात हात गमावलेल्या माणसाला भरपाई मालकाच्या कोणत्या हेतूने मिळाली, हा प्रश्न दुय्यम आहे. ती परत काढून घेण्याचा अधिकार कुणाकडे राहतो, हा खरा प्रश्न. मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली, आता तिच्या जागेवर मॉल आहे. जी सोय मिलच्या मर्जीवर होती ती मिलबरोबर संपली. ज्याचे घराचे हप्ते फिटले, त्याला मात्र क्वार्टर खाली करा म्हणणारा कुणी उरत नाही. इंदोरा आज आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला आहे. मालकाच्या क्वार्टरमध्ये राहून एवढं ताठ उभं राहणं अवघड गेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मालकाचंच कर्ज डोक्यावर असेल तर कामगार संप कसा करील? म्हणूनच आज अशी योजना करायची तर कर्ज बँकेचं किंवा सहकारी संस्थेचं हवं, मालकाचं नको. नागपूरजवळच्या बुटीबोरीत एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, कारखान्याला प्लॉट देते. त्याच आराखड्यात कामगारांच्या गृहनिर्माण संस्थांसाठी जागा राखून ठेवावी, आणि तिथे कंत्राटी कामगारालाही सभासद करून घ्यावं.